निरोपाला चुकीचा मंत्र

हे खरं घडलंय. पटत नसेल तर इथंच थांबा, पण माझ्याकडं पुरावे मागू नका.

३१ ऑक्टोबर २०२४. नरक चतुर्दशीची दिवेलागण. वालचंदनगरमधलं अश्लेषाच्या सासरचं क्वार्टर.

अश्लेषा माझ्यासोबत बारामती एमआयडीसीत एका डेअरीच्या लॅबमध्ये काम करते. जूनमध्ये तिची आई माहेरी, पिंपळीला वारली. त्या दिवशी आईचे तीन फोन आले होते. तिन्ही हिनं कापले. "नंतर करते" असा मेसेज टाकला.

संध्याकाळी आई नव्हती.

दहावं-तेरावं रीतसर झालं, पण हिचं मन काही निवेना. आईला एकदा "चुकलं माझं" म्हणायचं, एवढाच ध्यास.

मग मोबाइलवर तिला विक्का सापडलं. परदेशातला निसर्गपूजेचा, मंत्रांचा पंथ. त्यांच्यात म्हणे ३१ ऑक्टोबरला गेलेली माणसं जवळ येतात. वर्तुळ आखायचं, चारी दिशांना हाक मारायची, माणसाला बोलवायचं. शेवटी आलेल्याला नीट परत पाठवायचं.

करायचं तर धड तरी करावं ना! पण नाही. हिनं वर्तुळ काढलं रांगोळीचं. मेणबत्तीऐवजी निरांजन. त्यांची देवी आणि आपली अन्नपूर्णा एकच, हेही हिनंच ठरवलं. मला आठवून आजही चीड येते.

बाहेर पोरं फटाके उडवत होती. तिनं वर्तुळ पुरं केलं...

आणि आवाज थांबले.

खिडकीतून भुईनळा उडताना दिसत होता. डोक्यावर फॅन फिरत होता. आवाज कशालाच नाही.

मग... समोरची प्लास्टिकची खुर्ची करकरली. कुणी वजन टाकून बसावं तशी.

"आई? चुकलं गं माझं."



मग अश्लेषा घाबरली. परत पाठवायचं इंग्रजी वाक्य ती साफ विसरली. तोंडात आलं ते गणपती उठवताना गुरुजी म्हणतात ते.

"पुनरागमनाय च."

अक्षता टाकल्या आणि सुटले म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दिवा लावला... फॅनचा आवाज गेला, खुर्ची करकरली.

तिसऱ्या दिवशीही.

रोज ही माफी मागायची. रोज खुर्ची गप्प. अकराव्या संध्याकाळी तिचा तोल गेला.

"बोल की काहीतरी! किती नाक घासू? शिव्या दे, पण बोल!"

आरडाओरडा ऐकून तिच्या सासूबाई, लीलाबाई, स्वयंपाकघरातून धावत आल्या. सगळं ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला.

"अगं शाणे, त्याचा अर्थ 'परत या' असा हाय! ते देवाला म्हणायचं. मेलेल्या माणसाला म्हणलीस व्हय?"

"आत्या, आता काय करू?"

"मला काय इचारतीस? तुझ्या त्या मोबाइलमदी बघ. न्हाय ते उद्योग!"

या खेपेला तिनं शब्दन् शब्द वाचून केलं. उंबऱ्यावर मिठाची रेघ ओढली. देह नसलेल्या कुणीही या घरात येऊ नये, असं तीनदा म्हणाली.

खुर्ची करकरली... काहीतरी फरशीवरून घासत दारापर्यंत गेलं.

फॅनचा आवाज परत आला.

दोघींनी श्वास सोडला. तेवढ्यात...

टक. टक.

"आशे..."

आईचा आवाज. अगदी तोच.

"दार उघड गं. लय लांबनं आलीय. आत येता येईना."

अश्लेषाला रडूच फुटलं. "आई! तू तर रोज येऊन बसत होतीस ना?"



"मी? न्हाय गं. मी आत्ताच आली. तुझ्याजवळ कोण बसत हुतं?"

अश्लेषा कडीकडं धावली. लीलाबाईंनी तिला मागं ओढलं, तोंडावर हात दाबला. बाहेर दोन-तीन हाका आल्या. मग त्याही बंद झाल्या.

आईला म्हणायचे ते 'चुकलं माझं' हे दोन शब्द राहिले ते राहिलेच.

मीठ पुसलं तर आई येईल. किंवा ते दुसरं. मी तिला हात जोडून सांगितलंय, रेघेला हात लावू नकोस.

काल लॅबमध्ये ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "सगळं नाही गं... बोटभरच पुसलंय."