त्र्याण्णवची गाडी, शहाण्णवचं डोकं

बेकरीच्या डिलिव्हरी व्हॅनला दोर बांधून ती निळी युट, मागे उघडा हौदा असलेली गाडी, फाटकातून ओढत आणली गेली, तेव्हाच ग्राझिएलाच्या कपाळाला आठी पडली. शनिवार होता. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट पिरीत उत्तरेचा वारा सुटला होता, दाताखाली धूळ कचकचत होती, आणि दुकान बंद करायची वेळ झाली होती. अशा वेळी दोरानं ओढून आणलेल्या गाडीचं कोण स्वागत करतं?

व्हॅन निघून गेली. युटमधून एक उंच मुलगा उतरला. कोपरापर्यंत पीठ, भुवईवर पीठ, आणि चेहऱ्यावर असं हसू, की जणू गाडी नव्हे, केक घेऊन आलाय.

“चालत नाही,” तो म्हणाला.

“ते दोर बघूनच कळलं. बॉनेट उघड.”

बॉनेट उघडलं आणि ग्राझिएला वाकून बघू लागली. आत तारांचा असा गुंता होता की कुठून सुरू होतो आणि कुठे संपतो ते देवालाच ठाऊक.

“हे कुणी केलं?”

“मी. एकट्यानं.” त्याला चक्क अभिमान वाटत होता. “गाडी त्र्याण्णवची. तिचं इंजिन गेलं. भंगारवाल्याकडे शहाण्णवच्या गाडीचं मिळालं, म्हणून त्याचा कॉम्प्युटरही घेतला. प्लग तर काय टक्कन बसला.”

“बसणारच. तोंड तेच आहे, आतल्या तारांच्या जागा बदलल्यात. आणि ज्या तारा बसल्या नाहीत, त्या?”

“त्या रंग बघून जोडल्या. लालला लाल, जांभळीला जांभळी...”

ग्राझिएलानं डोळे मिटले. “रंग बघून. गाडी आहे ती, लोकरीचा स्वेटर नाही. त्या तीन वर्षांत जांभळ्या तारेचं काम बदललं. तू चक्क इंधन पंपाची तार पंख्याला दिलीयस.”

“म्हणूनच पंखा छान चालत होता,” तो म्हणाला.

आतून कोर्राडोकाकांचा खोकला ऐकू आला. दुकान त्यांचं. हसू आलं की ते खोकत. ग्राझिएला लहानपणापासून त्यांच्याच हाताखाली गाड्यांचं वायरिंग शिकली होती, आणि येत्या हिवाळ्यात काका दुकान तिच्या हाती देणार, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं.

मुलाचं नाव फर्गस टोनकिन. पहाटे बेकरीत पाव भाजायचा, दुपारी मोकळा. त्याला पर्थच्याही पलीकडे एका खाणीच्या कँपात मुख्य आचाऱ्याची नोकरी मिळाली होती. महिनाअखेर हजर व्हायचं, तेही स्वतःच्या गाडीनं. गाडी चालू झाली की तो जाणार, इतका साधा हिशेब होता. ग्राझिएलानं तो ऐकला आणि मान डोलावली. तेव्हा तिला त्यात काहीच खुपलं नाही.

खुपायला लागलं ते हळूहळू. फर्गस रोज दुपारी यायचा. कागदात गुंडाळलेली गरम पेस्टी, मांस-बटाटा भरलेली मोठी करंजीच, आणायचा आणि नेमकी तिच्या नकाशावर ठेवायचा. दोन्ही वर्षांच्या तारांचा तो नकाशा तिनं जिवापाड जपून काढला होता. त्यावर आता तेलकट डाग.

“तुला टेबल दिसत नाही?”

“दिसतं. पण तू टेबलाकडे बघतच नाहीस, याच्याकडेच बघतेस. म्हटलं, इथे ठेवली तर निदान खाशील तरी.”

यावर काय बोलणार? ती चिडून खायची. पेस्टी चांगली असायची, हा आणखी एक वैताग.

मग कळलं की नुसता कॉम्प्युटर आणून भागणार नाही. शहाण्णवच्या गाडीत डॅशबोर्डखाली आणखी एक डबा असतो आणि त्याच्या जोडीची किल्ली. चोरी होऊ नये म्हणून हे तिघं एकमेकांना ओळखतात. ओळख पटली नाही तर इंजिन पेटतच नाही. भंगारातून सामान काढणारा कुठलाही जाणता माणूस तिन्ही वस्तू एकाच गाडीतून एकत्र उचलतो. फर्गसनं एकच उचलली होती.

“म्हणजे नुसता नवरा घेऊन आलो, घरचे तिथेच राहिले,” फर्गस म्हणाला.

“चल. गाडीत बस. बोलू नकोस.”

ती त्याला आपल्या व्हॅनमधून पोर्ट ऑगस्टाच्या भंगारवाडीत घेऊन गेली. वाटेत दोन्हीकडे खुरटी झुडपं आणि लांबवर उन्हात चमकणारी मिठाची मैदानं. तो खरंच बोलला नाही. इतका वेळ गप्प बसला की शेवटी तिलाच राहवेना आणि तीच बोलू लागली... आईबद्दल, काकांबद्दल, लहान असताना सगळी मुलं समुद्रावर जायची तेव्हा ती स्टार्टर उघडून बसायची त्याबद्दल. हे तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

भंगारवाडीत त्याच शहाण्णवच्या गाडीच्या डॅशबोर्डखाली ती उताणी झोपली. तो शेजारी गुडघे टेकून टॉर्च धरून.

“टॉर्च तारांवर धर. माझ्या तोंडावर काय लावलायस?”

“हात हलला.”

“मघापासून हलतोच आहे.”

“हो... मघापासून तुलाच बघतोय.”

डब्याचा स्क्रू तिच्या हातून निसटला आणि सीटखाली गेला. तो शोधताना दोघांची बोटं एकमेकांना लागली. त्याच्या बोटांवर पहाटेच्या भट्टीचे जुने चटके होते. ती जरा जास्तच वेळ स्क्रू शोधत राहिली. परत येताना तिला स्वतःचाच भयंकर राग आला. निघून जाणाऱ्या माणसात जीव अडकवायचा, याला काय म्हणावं?

पुढच्या शनिवारी काम संपलं. एकेक तार नकाशाप्रमाणे, एकेक जोड सोल्डरचा डाग देऊन, वर कापडी पट्टी. “उद्या सकाळी चालू करू,” ती म्हणाली आणि हात धुवायला आत गेली.

रविवारी किल्ली फिरवली. इंजिन घरघरलं, पेटलं मात्र नाही. परत फिरवली, तरी नाही.

तो आठवडा ग्राझिएलाच्या नाकीनऊ आणणारा गेला. तिनं डबा आणि किल्लीची जोडी पुन्हा तपासली, नकाशा नव्यानं काढला, कॉम्प्युटर उघडला, बंद केला. मीटरवर इंधन पंपापर्यंत वीजच पोचत नव्हती, आणि का पोचत नाही ते कळत नव्हतं. स्वतःच्या हातचे जोड मात्र तिनं उघडले नाहीत. ते पक्के आहेत, एवढा तरी भरवसा तिला होता. गुरुवारी जेवताना ती काकांना म्हणाली, “दुकान दुसऱ्या कुणाला द्या. मला हे येत नाही.” काका त्या दिवशी खोकले नाहीत.

फर्गस रोज येत होता, पेस्टी ठेवत होता, आणि तिच्या नजरेला नजर देत नव्हता.

शनिवारी दुपारी तिनं शेवटी तो भरवसाही सोडला आणि एकेक जोड उलगडायला घेतला. जांभळ्या तारेच्या जोडावर कापडी पट्टी नव्हतीच. गुळगुळीत प्लास्टिकची पट्टी होती, पावाच्या पिशवीचं तोंड बांधावं तशी गुंडाळलेली. आत तार उपटलेली.

तिनं ते टोक उजेडात धरून बघितलं. मग तिनं हाक मारली. “फर्गस. इकडे ये.”

तो आला. पट्टी बघितली. त्याचं सगळं हसू उतरलं.

“तू हात धुवायला गेलीस तेव्हा...” तो म्हणाला. “गाडी चालू झाली असती तर मला जावं लागलं असतं. वाटलं, एक दिवस... एकच दिवस जास्त मिळेल. मग तू इतकी हैराण झालीस की सांगायची हिंमतच होईना. ग्राझी, मला तू आवडतेस. फार.”

“आणि हे तोंडानं सांगता येत नव्हतं? त्यासाठी माझी तार उपटायची?” तिचा आवाज फाटला. “आठवडाभर मला वाटत होतं, मला काही येत नाही. मी काकांना दुकान नको म्हणून सांगितलं. तुला कळतं का, माझ्याजवळ दुसरं काही नाहीये. हेच आहे. आणि तू त्यालाच हात लावलास.”

त्याच्या उत्तरासाठी ती थांबली नाही. तिनं सोल्डरिंगची सळई तापवली, जोडाला डाग दिला, पट्टी गुंडाळली. त्यानं टॉर्च धरला. या वेळी हात जराही हलला नाही. किल्ली फिरवताच इंजिन पेटलं. त्र्याण्णवच्या गाडीत शहाण्णवचं डोकं, आणि आवाज कसा, खणखणीत. कोर्राडोकाका दारात येऊन ऐकत उभे राहिले, मग आत गेले.

ग्राझिएलाचे डोळे भरले होते आणि त्याचाही तिला वैताग येत होता.

“आता चालतेय,” ती म्हणाली. “आता जा. बंद गाडीपाशी थांबणं म्हणजे थांबणं नव्हे, फर्गस. ते अडकणं. मलाही तू आवडतोस, गाढवा, पण अडकलेला माणूस मला नको.”

तो काहीतरी बोलणार होता. तिनं फाटकाकडे बोट दाखवलं. युट बाहेर पडली, वळली आणि पश्चिमेच्या रस्त्याला लागली. ग्राझिएला आवराआवर करू लागली. पक्कडी आणि पाने जागच्या जागी लावले. परत काढले. परत लावले. जा म्हटलं की लगेच जायचं असतं का? एवढं तरी कळायला नको?

सूर्य खाली गेला तेव्हा फाटकाबाहेर तोच खणखणीत आवाज आला आणि थांबला. फर्गस आत आला. हातात पेस्टी नव्हती, चेहऱ्यावर हसूही नव्हतं.

“टाकी काठोकाठ भरलीय,” तो म्हणाला. “मागे दोन कॅन भरलेत. तेल, पाणी, चाकांतली हवा, सगळं बघून घेतलं. आत्ता निघालो तर थेट पर्थपर्यंत कुठे अडणार नाही.” त्यानं श्वास घेतला. “आणि कँपला फोन करून सांगितलं, मी येत नाही. काकांनाही खरं काय ते सांगायचंय. तू चालेल म्हणालीस, तर थांबतो.”

ग्राझिएलानं हातातला पाना बाजूला ठेवला. मग तिला त्याच्या खांद्यावरून फाटकाबाहेर काहीतरी दिसलं.

“दिवे चालू ठेवून आलायस,” ती म्हणाली. “बॅटरी उतरेल.”

“जाऊन बंद करतो.”

“थांब,” ती म्हणाली, आणि त्याची पिठाळ कॉलर धरून त्याला जवळ ओढलं. “उतरू दे.”