पुसलेल्या वर्तुळातला तारा

काचेवरची शाई पुसणे हे कठीण काम नाही. काच उजेडाच्या पेटीवर मऊ चौकटीत पालथी ठेवायची, म्हणजे ताऱ्यांचे काळे ठिपके असलेला थर खाली जातो आणि कोरी बाजू वर येते. तिच्यावर स्पिरिटात भिजवलेला कापूस फिरवायचा. जुनी शाई हटली नाही तर दाढीच्या पात्याने अलगद खरवडायची. काळा चुरा निघतो. तो फुंकायचा नाही, टिपायचा. एवढे केले की अर्ध्या शतकापूर्वीचे आकाश कोणी कधी पाहिलेच नव्हते असे दिसू लागते.

संचालक व्हेंडिश यांना ते तसेच हवे होते. थुरिंगियाच्या जंगलातल्या आमच्या वेधशाळेच्या तळघरात तीन पिढ्यांनी टिपलेले आकाश फोटोच्या निगेटिव्ह काचांवर पडून आहे. त्याच्या संगणकीय प्रती काढायच्या ठरल्या, आणि यंत्राला शाई व तारा यांतला फरक कळत नाही म्हणून शाई जावी असा निर्णय झाला. यंत्राच्या अडाणीपणाची शिक्षा माणसांच्या हस्ताक्षराला. मी संदर्भांसह लेखी हरकत नोंदवली. व्हेंडिशने तिच्या भाषेची तारीफ केली.

"शाई म्हणजे विज्ञान नव्हे, गेर्नोट," तो म्हणाला. "म्युझियमच हवं असेल तर खाली गावात बाहुल्यांचं आहे की. तिकीट काढ आणि बस जाऊन."

त्या काचांच्या एका मोठ्या पेटीतली वर्तुळे डॉ. रोस्विथा हाउशिल्ड यांची होती. मी त्यांचा विद्यार्थी. सूर्यासारख्याच, पण वयाने लहान आणि स्वभावाने दांडगट अशा एका ताऱ्याभोवती त्यांनी प्रत्येक काचेवर शाईचे बारीक वर्तुळ काढले होते आणि शेजारच्या दोन ताऱ्यांशी ताडून त्याचे तेज डोळ्याने ठरवले होते. ताऱ्याच्या अंगी चुंबकत्व चढते तसे त्याच्यावर डाग पसरतात आणि तो किंचित मंदावतो. ते ओसरले की उजळतो. सूर्याचेही असेच फेरे असतात. दुसऱ्या सूर्याचा असा फेरा बाईंनी नोकरीचे सारे आयुष्य घालून मांडला, आणि आधीच्या दोन संचालकांनी त्याला नजरेचा भ्रम ठरवले. एकाने तर भर सभेत त्यांना चष्म्याच्या दुकानाचा पत्ता दिला होता.

गच्चीवर स्वयंचलित दुर्बीण आल्यावर तिनेही तोच तारा मोजायला घेतला. तिला शाई ठाऊक नव्हती आणि बाईही. तरी तोच फेरा दिसू लागला. तारा सध्या डागांविना, उजळ होता. या शरदात डाग परततील आणि तेज उतरू लागेल, असे बाईंचे भाकीत होते. तसे झाले की फेरा मान्य करण्यावाचून कोणाला गत्यंतर उरणार नव्हते. बाई आता गावातल्या वृद्धाश्रमात होत्या. डॉक्टरांच्या मते त्या शरद पाहतील, वसंताचे सांगता येत नव्हते.

"माझी पेटी तेवढी राहू दे," त्या मला म्हणाल्या होत्या. मी होकार दिला होता.

ऑगस्टअखेर व्हेंडिशने पुसायच्या यादीत ती पेटी घातली. राजीनामा द्यावा असे मनात आले. त्याचा मसुदासुद्धा उत्तम झाला असता. त्याऐवजी मी स्वतःशी असा युक्तिवाद केला की पुसायचेच असेल तर विद्यार्थ्यांच्या धसमुसळ्या हातांपेक्षा माझा हात बरा. सुशिक्षित माणसाला भ्याडपणासाठी कारण लागते, आणि ते त्याला नेहमी आदराच्या रूपात सापडते. भर उन्हाच्या दुपारी, खिडक्या उघड्या ठेवून मी ती सगळी वर्तुळे पुसली. आवारातून कोणीतरी आलुबुखाऱ्याच्या केकचे ताट नेत होते. त्याचा गोड वास स्पिरिटाच्या वासात मिसळला होता.

प्रती निघाल्या. त्यांतल्या ताऱ्याचे तेज मोजले, तर फेरा नव्हता. पहिल्या काचेपासून शेवटच्या काचेपर्यंत तारा एकसारखा होता.

मला प्रथम शरम वाटली, बाईंसाठी. शाईच्या कडेने डोळा फसला असेल, असे मी मनाशी म्हणालो. मग गच्चीवरच्या दुर्बिणीची आठवण झाली. तिचा डोळा कशाने फसला?

तिची ताजी मोजमापे काढली. पेटी पुसली त्या दिवसापर्यंत तारा नेहमीसारखा होता. त्यानंतर प्रत्येक मोजमापात एकच आकडा होता.

हे नीट सांगायला हवे. कोणताही तारा दोनदा मोजला तर दशांशाच्या शेवटच्या घरात आकडा हलतो. हवा थरथरते, यंत्र कुरकुरते. न हलणारा आकडा निसर्गात नसतो. शेजारचे तारे नेहमीसारखे हलत होते. हा मात्र आकाश निरभ्र असो की झिरझिरीत ढगांचे, शेवटच्या घरापर्यंत तोच राहिला. मी आरसा धुतला. कॅमेरा बदलला. कॅनरी बेटांवरच्या एका ओळखीच्या खगोलशास्त्रज्ञांना त्यांच्या दुर्बिणीतून तो तारा बघायला सांगितले. त्यांनी एका ओळीत कळवले की त्यांच्याकडेही तोच आकडा येतो आहे, आणि कृपा करून हे काम पुन्हा सांगू नये.

एका सकाळी शाळकरी हिशोब ध्यानात आला. त्या ताऱ्याच्या उजेडाला इथे पोचायला जवळजवळ साठ वर्षे लागतात. ज्या उजेडात मला ही निश्चलता दिसत होती, तो तिथून निघाला तेव्हा माझा जन्म झाला नव्हता. बाई नुकत्याच इथे रुजू झाल्या होत्या आणि पहिल्या काचेवर पहिले वर्तुळ काढत होत्या.

व्हेंडिशला काहीच विचित्र वाटले नाही. इतका स्थिर तारा कोणाजवळच नाही, तेव्हा यापुढे बाकीचे सगळे तारे याच्याशीच ताडून मोजायचे, असे त्याने जाहीर केले. बाईंनी अखेर संस्थेला काहीतरी कामाचे दिले, असेही तो म्हणाला.

शरद सरत आला तेव्हा मी बाईंकडे गेलो. बटाट्याच्या गोळ्यांचे रविवारचे जेवण झाले होते आणि खोलीत रश्श्याचा वास होता. बाई खिडकीशी बसल्या होत्या. नजर जवळजवळ गेल्यापासून त्या बोलणाऱ्याचे मनगट धरून ऐकत. आवाज पढवता येतो, नाडी पढवता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी माझे मनगट धरले.

"उतरला का?"

नाही, म्हणालो. आणि मग सगळे सांगितले: न हलणारा आकडा, कॅनरी बेटांवरचे उत्तर, उजेडाचा हिशोब. पेटीचे तेवढे सोडून.

बाहेर कोणीतरी पाचोळा लोटत होते.

"माझी पेटी?" त्यांनी विचारले. "कुणी हात नाही ना लावला?"

त्यांची बोटे नाडीवर घट्ट झाली.

"नाही," मी म्हणालो.

छातीत धडधड होईल, बोटांखाली ती त्यांना कळेल आणि मी सुटेन, याची मी वाट पाहिली. तसे झाले नाही. खोटे बोलण्याआधी नाडी जशी चालली होती, तशीच नंतरही चालत राहिली.

बाईंनी सुस्कारा सोडला.

"खरं बोलतोयस. मग माझ्यामुळेच झालं हे, गेर्नोट. मी वर्तुळ काढलं आणि तो तिथंच थांबला. इतकी वर्षं जे मोजलं ते त्याच्या आधीचं होतं. मी त्याला थांबवलं आणि मला कळलंसुद्धा नाही."

मी खिडकीबाहेरच्या पाचोळ्याकडे पाहिले.

"वाईट वाटून घेऊ नकोस. तुझा काय दोष?" त्यांनी माझ्या हातावर थोपटले. "पण हात किती शांत झालाय रे तुझा. विद्यार्थी होतास तेव्हा नुसतं नाव विचारलं तरी थरथरायचास."

पहिल्या बर्फात त्या गेल्या. थडग्यापाशी व्हेंडिशने स्थिर ताऱ्यावर भाषण केले.

दफनानंतर मी चालतच वर निघालो. वेधशाळेचा चढ उभा आहे. अर्ध्यावर एक बाक आहे आणि तिशीतली माणसेही तिथे टेकतात. मी थांबलो नाही. वर पोचल्यावर, रडू येईल असे वाटून, भिंतीला टेकून उभा राहिलो आणि बोटे मनगटावर ठेवली.

नाडी बाईंच्या खोलीत होती तेवढीच होती. मला धापही लागलेली नव्हती.