खंडेनवमीला चाललेली सुरी

“चकाकतंय म्हणून घ्यायचं न्हाय. एवढं ध्यानात ठेवा,” गोजरानं दोघांना बजावलं आणि सोपानचा सदरा मागून घट्ट धरला. धरला नसता तर हा गडी सुऱ्यांच्या दुकानाऐवजी थेट भज्यांच्या कढईपुढं जाऊन उभा राहिला असता!

इंदापूरचा आठवड्याचा बाजार ऐन भरात होता. सन एकोणीसशे चौतीसचं नवरात्र बसलं होतं, शाळेला सुट्टी लागली होती आणि वरकुट्याच्या तीन पोरांनी मोठा बेत रचला होता. बारा वर्षांची गोजरा, तिचा चुलतभाऊ सोपान आणि शेजारचा उंचेला झुंबर, असे तिघं मळ्यातल्या विहिरीशेजारी स्वतःच्या हातानं कोप, म्हणजे पाल्याची खोपटी, बांधून मुक्काम ठोकणार होते. लाकडं आपणच फोडायची, चूल आपणच मांडायची, मोठ्या माणसांची मदत म्हणून घ्यायची नाही!

गोजराच्या वडिलांनी, कुंडलिकतात्यांनी, फक्त एक अट घातली होती. सुरी एकच मिळेल आणि ती तुम्हीच निवडायची. मुक्कामाला तर चाललीच पाहिजे, पण मुक्काम मोडल्यावर वर्षभर रानातही चालली पाहिजे. वैरणीची पेंढी सोडायला, भाजी काढायला, दोर तोडायला. पस्तावलात तर माझ्या सुरीला हात लावायचा नाही. हत्याराच्या बाबतीत तात्या तसेच होते. आपली सुरी कुणाला देत नसत आणि दुसऱ्याची जन्मात कधी मागत नसत.

दुकानदारानं पोरं बघून आधी मोत्याच्या मुठीचा मिटता चाकू पुढं केला. झुंबरनं तो उघडला, मिटला, पुन्हा उघडला. गोजरानं मान हलवली. चिखलात पडला की याची बिजागरी धरणार, ओल्या हातानं उघडायचा नाही आणि जोर लावला की मिटून बोटावरच यायचा. मुक्कामाला न मिटणारी सुरीच बरी.

मग दुकानदारानं कापडात गुंडाळलेला ऐवज बाहेर काढला. पांढऱ्या हाडाची मूठ आणि आरशासारखं पातं! सोपानला त्यात स्वतःचे दात दिसले आणि तो तिथंच विरघळला. दुकानदारानं लोखंडी तार दगडावर ठेवली आणि खट्, खट् असे दोन घाव घातले. तारेचे तुकडे उडाले. लोखंड खाते बघा, असं म्हणून त्यानं मिशीला पीळ भरला.

गोजरा पुढं झाली. तिनं झुंबरच्या तोंडातलं कडुनिंबाचं दातण काढून घेतलं, ते बिचारं सकाळपासून तिथंच होतं, आणि त्या सुरीनं त्याचं टोक तिरपं छाटलं. छाटलेल्या जागी दोन बारीक रेघा उठून आल्या, अगदी शेजारी शेजारी. तिनं धारेवरून अलगद नख फिरवलं. नख दोनदा अडकलं.

“ही लोखंड खाती खरी,” ती म्हणाली, “पर लोखंडानंबी हिला खाल्लंय. आन् मूठ बघा, पडायला आलेल्या दातावानी हालतीय.”

दुकानदाराचा चेहरा उतरला. गोजरानं ढिगाच्या तळातून एक काळपट, मुळीच रूप नसलेली सुरी ओढून काढली. पातं वीतभराहून थोडं कमी, पाठीशी चांगलं जाड. पोलाद मुठीत आरपार शेवटपर्यंत गेलेलं आणि दोन्ही बाजूंनी बाभळीच्या फळ्या रिबिटांनी ठोकून बसवलेल्या. टिचकी मारली तर टण्ण वाजली. घागरीतल्या पाण्यानं हात भिजवून धरली तरी सरकली नाही. दातणाचा छाट तर असा गुळगुळीत आला की झुंबरनं त्यावरून दोनदा बोट फिरवलं.

अशा तोंडाच्या सुरीकडं कोण ढुंकून बघणार, अशी सोपानची कुरकुर चालली होती. बघायला नव्हे, कापायला घेतोय, असं सांगून गोजरानं ती उचलली. जुन्या चपलेचं चामडं शिवून झुंबरनं त्याच दिवशी म्यानही केलं.

मुक्काम काय रंगला म्हणून सांगू! त्या सुरीनं कोपाचे वासे तासले, वाखाचे दोर तोडले, वांगी चिरली, कणसं सोलली. सोपानला तर सुरीची चटकच लागली. त्यानं घरी जाऊन आईची, छबूबाईची, कपडे वाळत घालायची दोरी “नुसती धार बघायला” तोडली आणि पाठीवर चांगला प्रसाद खाल्ला. ही गोष्ट पुढं महागात पडणार होती.

खंडेनवमी उजाडली. हा हत्यारांचा सण. विळे, कोयते, कुऱ्हाडी, नांगराचे फाळ, सगळं धुऊन, हळदकुंकू लावून मांडायचं आणि दसरा उजाडेपर्यंत कुणी पातं उचलायचं नाही. भाजीसुद्धा आदल्या दिवशीच चिरून ठेवतात. पोरांनीही आपली सुरी चपट्या दगडावर मांडली, हळदकुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं आणि तिघं ओढ्यावर पोहायला गेले.

परत येऊन बघतात तो विहिरीवर ही गर्दी! आबासाहेब स्वतः आले होते. गावात त्यांचा शब्द शेवटचा, आणि विहीर निम्मी त्यांची, निम्मी तात्यांची. मोटेची पूजा करायला आले तर सोंदूर, म्हणजे मोटेची सोंड ओढणारा बारीक दोर, कापून नेलेला! सोंदूर आखूड पडला की मोट चालत नाही. वाफ्यात कांद्याचं कोवळं रोप होतं. नवा सोंदूर वळून येईपर्यंत ते उन्हानं करपून जाणार, हे कुणी सांगायला नको होतं.

आबासाहेबांचे मेहुणे जोतीराम सगळ्यांच्या पुढं उभे होते. अंगात लांब कोट, केसांना वासाचं तेल, आणि वरकुट्यातली एकुलती एक सायकल त्यांची. सगळी पोरं त्यांना मामा म्हणत. मामांनी हात नाचवत सांगितलं की आज गावातलं एकूण एक पातं घराघरात पूजेला बसलंय, रानात मोकळी सुरी आहे ती फक्त या कारट्यांपाशी. लगेच कुणाला तरी छबूबाईची दोरी आठवली. झालं! भरल्या गाड्याला सुपाचं काय ओझं म्हणतात, तसं मग एकेकानं हरवलेल्या सुतळ्यासुद्धा पोरांच्या नावावर टाकल्या.

तात्यांनी एकदाच विचारलं, “गोजरे, तू कापलास?”

“न्हाय, तात्या.”

तात्यांनी कापलेल्या दोराकडं पाहिलं आणि ते गप्प राहिले. खरं म्हणाले नाहीत, खोटंही म्हणाले नाहीत. गोजराला ते गप्प राहणंच फार लागलं. मामांची बडबड तिनं उडवून लावली असती, पण बापानं तरी “माझी पोर खोटं बोलायची न्हाय” एवढं म्हणायला नको होतं का?

आबासाहेबांनी सुरी मागितली. पातं हातातून हातात द्यायचं नसतं, भांडण होतं, म्हणून गोजरानं ती जमिनीवर ठेवली आणि आबांनी उचलून उपरण्यात गुंडाळली. उद्या सोनं वाटायच्या आत खरं काय ते सांगायचं, नाहीतर सुरी विहिरीच्या तळाला जाईल आणि पोरं पुन्हा मळ्यात मुक्कामाला दिसायची नाहीत, असा निवाडा देऊन ते निघून गेले.

सोपान रडायलाच लागला. ती मेली दोरी मी तोडली नसती तर, असं त्याचं चाललं होतं. “रडायला दसऱ्यानंतर येळ हाय,” गोजरा म्हणाली आणि तरातरा विहिरीकडं निघाली.

सोंदराचं टोक तिनं हातात घेतलं. बैलानं चघळून टाकल्यासारखे धागे लोंबत होते. आपल्या सुरीनं हा दोर एका ओढीत तुटला असता, झुंबर म्हणाला. खाली कडुनिंबाच्या ताज्या सालपटांत बोटाएवढा एक तुकडा पडला होता. कुणीतरी काठी तोडून तिचं नको असलेलं टोक छाटून टाकलं होतं. गोजरानं तो तुकडा उन्हात धरला. छाटावर दोन बारीक रेघा होत्या, अगदी शेजारी शेजारी!

“इंदापूरची लोखंड खाणारी!” सोपान ओरडला.

पाटाच्या ओल्या मातीत सायकलचा माग उमटला होता. मग सोपानला आठवलं, ओढ्यावर जाताना त्यानं लांबून मामांना इंदापूरच्या वाटेला लागलेलं पाहिलं होतं, सायकलच्या मागं झेंडूचं हे भलं मोठं पोतं. दसऱ्याच्या बाजारात फुलांना मरणाचं गिऱ्हाईक असतं. पोतं आवळायला दोर हवा, दोराला पीळ द्यायला काठी हवी. सगळं जुळलं, बाजारातली ती सुरी मामांनीच घेतली असणार. पण सांगणार कुणाला? मामा नाही म्हणाले की संपलं. सायकल रोजच इकडून जाते म्हणतील. ती सुरी त्यांनी स्वतःच्या हातानं गावापुढं काढली पाहिजे.

“काढतील,” गोजरा म्हणाली. “ज्याला मिरवायचा सोस, तो गप बसतोय व्हय?”

दसऱ्याला सकाळी मारुतीच्या पारावर पोरांनी उसाची मोळी आणून टाकली. खंडेनवमीला निजलेली हत्यारं आज जागी करायची, प्रत्येकानं उसाचं एक कांडं तिरपं छाटायचं, ज्याचा छाट सगळ्यांत गुळगुळीत त्याला पहिला मान आणि पंच आबासाहेब, अशी दवंडी सोपाननं घरोघर दिली. सणाचा दिवस, गडी माणसं मोकळी. बघता बघता पार भरला. विळ्यांनी, कोयत्यांनी कांडी छाटली जाऊ लागली, थट्टा उसळली, आणि झुंबर प्रत्येकाचं कांडं त्याच्यापुढंच मातीत रोवून ठेवत गेला.

मामा लांब उभे राहून मिशीतल्या मिशीत हसत होते. सोपान त्यांच्या शेजारी जाऊन मुद्दाम मोठ्यानं बोलला, “मामांना बोलवू नका रं. त्यांच्या कोटात निस्ता कंगवा आसतोय.”

पार खो खो हसला. मामांचे कान लाल झाले. कोटाचं बटण सुटलं आणि हाडाच्या मुठीची सुरी उन्हात चमकली. ही खास बारामतीहून मागवलीय, असं म्हणत त्यांनी ऊस छाटला. कांडं पडायच्या आत गोजरानं वरच्या वर झेललं.

“आबा, माझी सुरी तुमच्यापाशी हाय. तुमीच एक कांडं छाटा,” ती म्हणाली.

आबासाहेबांनी उपरणं सोडलं आणि काळपट सुरीनं ऊस छाटला. सर्रकन! छाट काचेसारखा निघाला. आबांनी भुवया उंचावल्या.

मग गोजरानं मामांचं कांडं आणि निंबाचा तो तुकडा शेजारी शेजारी त्यांच्या पुढ्यात ठेवला. हा काल कापलेल्या सोंदराखाली सापडला, असं तिनं सांगितलं. दोन्हींवर त्याच दोन रेघा, त्याच अंतरानं. इंदापूरच्या बाजारात तार तोडताना या सुरीला दोन खाचा कशा पडल्या, तेही तिनं सांगितलं. बारामतीचं नाव निघाल्यावर झुंबरलासुद्धा हसू आवरलं नाही.

“आन् आणखी एक बघा, आबा. हितल्या समद्या हत्यारांवर कालचं हळदकुंकू हाय. माझ्याबी सुरीवर हाय. मामांची तेवढी कोरी हाय. काल ती पूजेला बसलीच न्हाय, कामाला गेली हुती.”

माणसं एकमेकांच्या विळ्यांकडं पाहू लागली. जिकडं तिकडं पिवळे-लाल डाग, आणि मामांचं पातं लख्ख! मामांनी रागानं सुरी उसाच्या मोळीत खुपसली, तर मूठ हातात आली आणि पातं उसातच राहिलं. इतका वेळ आवरलेलं हसू मग साऱ्या पारानं मोकळं सोडलं.

सायकलीच्या कॅरियरवर सोंदराचा तुकडा गुंडाळलेलाच होता. सणाला मोट चालायची नाही, संध्याकाळच्या आत आणून जोडीन, असं मामांना वाटलं होतं. येऊन बघतात तर आबासाहेब विहिरीवर. खंडेनवमीला पातं चालवलं हे कळलं तर गाव तोंडात शेण घालेल, म्हणून पोरांवर ढकललं.

“दोर कापलास ते एक येळ चालंल,” आबासाहेब म्हणाले. “पर लेकरांवर आळ घातलास, जोतीराम. नवा सोंदूर येईस्तोवर कांद्याच्या रोपाला पाणी तू घालायचंस. घागरीनं. कोट काढून.”

मग त्यांनी काळपट सुरी धोतराच्या सोग्यानं पुसली, हळदकुंकवाला मात्र धक्का लागू दिला नाही, आणि पारावर गोजरापुढं ठेवली. शेंडी पांढरी झाली पण अशी पारख मला जमली नाही, पुढच्या बाजाराला माझीही सुरी तूच निवड पोरी, असं ते सगळ्यांच्या देखत बोलले. बायकांनी तिची दृष्ट काढत कडाकडा बोटं मोडली. छबूबाईनं सोपानला जवळ ओढलं आणि दोरीचं सगळं माफ केलं. मुक्काम सुट्टी संपेपर्यंत चालू राहणार, हेही तिथंच ठरलं.

गोजराचं लक्ष मात्र तात्यांकडं होतं. ते अजून एक शब्द बोलले नव्हते. त्यांनी मोळीतला एक लांब ऊस उपसला आणि ते तिच्यासमोर येऊन उभे राहिले. त्यांची स्वतःची सुरी कमरेलाच होती.

“काल मी बोलाया पायजे हुतं, गोजरे. चुकलं माझं,” तात्या म्हणाले. “तुझी सुरी दे जरा. ह्यो ऊस कापायचाय.”

गोजरानं सुरी पारावर ठेवली. तात्यांनी ती उचलली, उसाचे चार तुकडे केले आणि पहिला तिच्या हातात दिला.