अंगदच्या जागी

यात पदरचं काहीही घातलेलं नाही. तारखा, वेळा आणि मापं रविराजच्या वहीतली आहेत. रविराज पुराव्याशिवाय बोलणारा माणूस नाही. फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलेला, नगरला अकरावी-बारावीच्या क्लासवर शिकवणारा. भुताखेतांचा विषय निघाला की तो आधी विचारतो, "किती वाजता? तापमान किती होतं?"

तर, शनिवार, चौदा जून २०२५. संध्याकाळचे साडेपाच. नगर-पुणे रस्त्यावरच्या एका हॉटेलचा दुसरा मजला.

तिथे पब आहे. दर शनिवारी चौघांचा बँड वाजायचा. दुसऱ्यांचीच गाणी, लोकांना पाठ असलेली. रोहिणी गायची. रविराज गिटारवर, मच्छिंद्र ड्रम्सवर. आणि बास गिटारवर अंगद, रोहिणीचा थोरला भाऊ.

बास म्हणजे चार जाड तारांची गिटार. गिऱ्हाइकाला ती वेगळी ऐकू येत नाही. ती फरशीतून पायात चढते.

थांबली की मात्र कळतं.

मार्चमध्ये अंगद गेला. तिसगावला घरी जाताना, करंजी घाटात. बास त्या दिवशी पबमध्येच होती, म्हणून ती वाचली.

दहाव्याला गावाबाहेर पिंड ठेवला. माणसं मागे सरली. समोरच्या लिंबावर कावळे बसले होते.

एकही उतरेना.

"आईला संबाळू रं," अंगदचे चुलते गहिनीनाथ म्हणाले.

कावळा हलला नाही.

"रोहिणीचं लगीन चांगलं करून देऊ. काळजी करू नगं."

नाहीच.

अकरा वाजून गेले. ऊन डोक्यावर आलं. गहिनीनाथ मागे वळले. "त्याच्या मनात दुसरंच कायतरी हाय. ए नगरवाले, तुमी दोस्त ना त्याचे? बोला की कुनीतरी."

मच्छिंद्रने रविराजला कोपराने ढोसलं. "जा. पोरांना शिकवतोस ना रोज? बोल."

रविराजचा यावर विश्वास नव्हता. म्हाताऱ्या माणसांना उन्हात ताटकळत ठेवणं त्याला बरं वाटेना, इतकंच. तो पुढे झाला. हात जोडले. सुचलं ते बोलला.

"अंगद, तुझ्या जागी कुणी उभं राहणार नाही. शब्द देतो."

आणि...

कावळा उतरला. पिंडाला शिवला.

रविराजने घरी येऊन वहीत लिहिलं : ११.२२. माणसं सावलीला सरकली होती, म्हणून कावळा उतरला असावा.

रोहिणी तिथे नव्हती. बायका घरी थांबल्या होत्या. रविराज काय बोलून आला, हे तिला कुणी सांगितलं नाही.

एप्रिल-मे तिघांनीच वाजवलं. गाणी तीच, वेळ तीच, पण टेबलांवरची माणसं गाण्याच्या मध्येच मोबाईल काढू लागली. मॅनेजर म्हणाला, "काय गेलंय ते मला सांगता येत नाही, पण खालचं काहीतरी गेलंय. जूनमध्ये चौघं उभे राहा. नाहीतर मी डीजे लावतो."

गिटारवाले नगरमध्ये पैशाला पासरी. बासवाला मिळेना. शेवटी रोहिणी एका दुपारी रविराजच्या क्लासवर आली. पाठीला अंगदची बास होती.

"रवीदादा, तूच वाजव. गिटारला भिंगारचा रामदास यायला तयार आहे."

रविराजने हातावरचा खडू झटकला.

"दादाचं एवढंच उरलंय रे. हेही बंद पडलं तर घरी आईला काय सांगू?"

ती रडली नाही. मार्चपासून एकदाही रडली नव्हती. जेवायची, बँकेत कामाला जायची, शनिवारी गायची. कुणीतरी यादी दिल्यासारखं सगळं करायची.

रविराजने बास घेतली. आपण दिलेला शब्द त्याला आठवत होता. पण कावळा माणसं सरकल्यामुळे उतरला, हेही त्याला पटलेलं होतं.

बारा दिवस त्याने घरी सराव केला. काहीही झालं नाही. हे लक्षात ठेवा. घरी काहीही झालं नाही.

आता चौदा जून.

स्टेजवर अंगदची जागा ठरलेली होती. मच्छिंद्रच्या डाव्या हाताला, एका जुन्या सतरंजीच्या तुकड्यावर. तुकडा कुणी उचलला नव्हता. रविराज त्यावर उभा राहिला आणि तारा सुरात लावल्या. सगळ्यात जाड तार, एक्केचाळीस हर्ट्झ.

एक गाणं वाजवून झालं. त्याने सहज ट्यूनरवर पाहिलं...

एकोणचाळीस.

चारही तारा उतरल्या होत्या. बरोबर अर्धा सूर.

तारा उतरतात, त्यात विशेष नाही. पण एक जास्त उतरते, एक कमी. चारही मोजून सारख्या उतरत नाहीत. त्याने पुन्हा लावल्या. पाच मिनिटांत पुन्हा तेच.

"माझीपण उतरलीय," रामदास म्हणाला. "सहाच्या सहा. एसीमुळे असेल."

मच्छिंद्रने काठ्या मांडीवर ठेवल्या आणि रोहिणीकडे पाहिलं.

कारण अंगद असताना हा बँड अर्धा सूर खालीच वाजायचा. मूळ पट्टीत रोहिणीचा गळा ताणला जायचा, म्हणून अंगदनेच ती रीत पाडली होती. तो गेल्यावर रोहिणीनेच सांगितलं होतं, "आता मूळ पट्टीतच गाईन. ते सगळं नको."

"राहू दे," रोहिणी आता म्हणाली. "खालीच म्हणते आज."

आठ वाजता पब भरला. त्यांनी सुरुवात केली.

दुसऱ्या गाण्यात रविराजची करंगळी बधिर झाली. मग तिच्या शेजारचं बोट. चौथ्या गाण्यापर्यंत डाव्या हाताच्या चारही बोटांना तार लागेना. थंड नाही, मुंग्या नाहीत, दुखणं नाही. बोटं जणू दुसऱ्याकडे ठेवायला दिली होती.

पण सूर चुकत नव्हता. रविराजने न बसवलेल्या जागाही ती बोटं घेत होती.

त्याला भीती वाटली नाही. नंतर त्याने हे मुद्दाम लिहून ठेवलं आहे. भीती वाटायला हवी, एवढंच त्याच्या मनात आलं.

सहाव्या गाण्यात त्याने एक गोष्ट करून पाहिली. दोन्ही हात बासवरून काढले.

आणि...

फरशी थरथरतच राहिली.

बासच्या स्पीकरवर त्याचा पाण्याचा ग्लास होता. पाण्यात वलयं उठत होती. ठेक्यात. टेबलांवरची माणसं माना डोलावत होती. रोहिणीने गाता गाता मागे वळून पाहिलं. रविराजकडे नाही. त्याच्या खांद्यापासून वीतभर मागे.

आणि ती हसली.

मार्चनंतर पहिल्यांदा.

मध्यंतरात माणसं खाली सिगारेट ओढायला गेली, तेव्हा रविराज सतरंजीवरून बाजूला झाला. बोटांना जाण आली. पुन्हा सतरंजीवर उभा राहिला. गेली. बाहेर, आली. आत, गेली. तीनदा केलं. तिन्ही वेळा तेच.

मध्यंतर संपल्यावर तो सतरंजी सोडून पलीकडे उभा राहिला. पहिल्या ओळीतच रोहिणीचा आवाज फाटला. तिने माईक हाताने झाकला आणि हळूच म्हणाली, "रवीदादा, तिथंच उभा राहा ना. तू तिथं असलास की मला बरोबर ऐकू येतं."

तो जाऊन उभा राहिला.

रात्री वायरी गुंडाळताना मच्छिंद्र म्हणाला, "भारी वाजवलंस. तुझी बोटं म्हणजे गवारीच्या शेंगा होत्या आजवर. आज एकदम..."



पायऱ्या उतरताना रोहिणी भिंतीला टेकली आणि रडली. बराच वेळ. नाक पुसून म्हणाली, "भूक लागलीय." मग जुन्या तिघांनी माळीवाड्यात पावभाजी खाल्ली. तिने दोन प्लेट खाल्ल्या.

त्या रात्री घरी गेल्यावरही रविराजच्या बोटांतली जाण परत आली नाही.

बधिरपणा बोटांच्या मुळाशी थांबला होता. पुढच्या शनिवारी तो तळव्यात दोन सेंटीमीटर सरकला. त्याच्या पुढच्या शनिवारी आणखी दोन. रविराज टाचणी टोचत वर जातो, जिथे टोचणी कळते तिथे पेनाने रेघ मारतो आणि पट्टीने अंतर मोजतो. अंतर फक्त शनिवारीच वाढतं. पुण्याला नसांची तपासणी केली. रिपोर्ट नॉर्मल.

ऑक्टोबरमध्ये तो एकटाच तिसगावला गेला. घरून भाताचा गोळा करून नेला होता. त्याच जागी ठेवला, हात जोडले. "अंगद, मी शब्द मागे घेतो."

लिंबावर एक कावळा होता. सकाळी दहापासून दिवस मावळेपर्यंत तो रविराजकडे बघत बसला.

उतरला नाही.

रोहिणी आता बरी आहे. आईशी भांडते, हसते, नवीन गाणी बसवते. रविराजने तिला काहीही सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती त्याला त्या सतरंजीवर उभं राहू देणार नाही, हे त्याला माहीत आहे.

परवा तिचा फोन आला होता. "रवीदादा, मॅनेजरनं पुढचे दहा शनिवार पक्के केलेत. येशील ना?"

"येईन," तो म्हणाला.

फोन ठेवून त्याने शर्ट काढला. रेघ खांदा ओलांडून आत वळली आहे. रविराजने पट्टी घेतली आणि रेघेपासून छातीत जिथे ठोके लागतात तिथपर्यंतचं अंतर मोजलं.

सोळा सेंटीमीटर.

भागाकार त्याने वहीत केला नाही. तो तोंडी येतो.