घटपर्णीचे धुमारे

त्या दुपारी धाकटी घरामागच्या काचघरात गेली ती नेहमीसारखी झाडांना पाणी घालायला. ताईला जाऊन चार महिने झाले होते. आत दमट, आंबूस वास कोंडलेला. फळीवर घटपर्णीच्या सहा कुंड्या. पानांच्या टोकांना झाकणाच्या सुरया लोंबत होत्या, नि त्यांच्या तळाशी माश्या हळूहळू विरघळत होत्या.

सगळी रोपं एकाच वेलीची. ती वेल म्हणजे ताईचा जीव की प्राण. कुणी फांदी मागितली की म्हणायची, "तोडलेली फांदी म्हणजे वेलीची पोर नव्हे गं, ती वेलच असते. देऊ कशी?"

म्हणून चार महिन्यांपूर्वी धाकटीनं एक फांदी चोरून कापली. ताई शेजारच्या खोलीत आडवी झाली होती. पातं फिरलं आणि तेवढ्यात हाक आली, "अगं... पंप दे... दम लागलाय..."

फांदी आधी लपवावी, मग जावं, म्हणून धाकटी कुंड्यांमागे श्वास रोखून बसली. पाचच मिनिटं. ती खोलीत पोचली तेव्हा ताईचे डोळे दाराकडे लागले होते, उघडे.

कुणाला पत्ता लागला नाही. फांदीचे सहा तुकडे ओल्या शेवाळात खोचले, सहाही जगले. मूळ वेल मात्र आठवड्याभरात काळी पडली.

आज पाणी घालताना तिला घरघर ऐकू आली... दमेकऱ्याच्या छातीतली. ती वाकली. आवाज सुरईतून येत होता. मग दुसरीतून. मग साऱ्यांतून.

तिनं सगळी रोपं बुडापासून छाटली. चौथ्या दिवशी प्रत्येक बुडख्याला तीन-तीन धुमारे फुटले. उकिरड्यावर फेकलेल्या तुकड्यांनीही मूळ धरलं.

शेवटी तिनं ताईच्या लेकीला बोलावून घेतलं आणि सगळं सांगून टाकलं.

भाचीनं विचारलं, "तू हाक ऐकली होतीस?"

"हो."

"आणि बसून राहिलीस?"

"हो गं..."

"मला वाटायचं, आईला हाक मारायलाही वेळ मिळाला नसेल." एवढंच बोलून भाची चपला घालून निघून गेली.

धाकटी दारातून वळली. मघाशी ज्या फरशीवरून दोघी अनवाणी चालल्या, तिच्या फटींतून बोटभर उंचीच्या सुरया वर आल्या होत्या. ताईच्या खोलीपासून थेट धाकटीच्या पलंगापर्यंत, ओळीनं. सगळ्यांची झाकणं घट्ट मिटलेली. पलंगाजवळची तेवढी एक... उघडत होती.