मान डावीकडे

संग्रहालयाच्या गारढोण कोठीत बसून ती आईची चूक शोधत होती. म्हणजे साहेबांनी शोधायला सांगितली होती. त्यांना स्वतःला ती केव्हाच सापडली होती.

"तुमच्या आईंनी तीस वर्षं नोंदी ठेवल्या, मान्य. पण हे बघा." त्यांनी कार्ड पुढे सरकवलं. उपासिका, गुडघे टेकलेली, हात जोडलेले, मान डावीकडे. "आणि ही बया बघतेय उजवीकडे!"

नोंद करताना डावं-उजवं मूर्तीचं धरायचं, बघणाऱ्याचं नाही. नवशिके नेमके तिथेच घसरतात. आई मात्र रस्ता सांगतानाही समोरच्याच्या डाव्या हाताने सांगायची.

"आई चुकायची नाही, साहेब."

"मग काय दगडाने मान फिरवली? दुरुस्तीवर सही करा. आजच."

आईला जाऊन दोन महिने झाले होते. 'लेखनदोष' या शब्दाखाली तिच्याच मुलीची सही, म्हणजे मेलेल्या माणसाचा कान उपटणं.

ती उपासिकेसमोर उकिडवी बसली. दोन हजार वर्षांची बाई. नाक झिजलेलं, पण ओठांवर शेजारणीचं गुपित कळल्यासारखं हसू. जिच्यापुढे हात जोडले ती देवी कधीच हरवलेली. उजवीकडे होती फक्त आईची खुर्ची, गादीला खळगा पडलेली.

"ही खुर्ची इथे कुणी ठेवली?"

"मीच. कुबट वास यायचा, म्हणून खिडकीपाशी आणली. आधी तिकडे होती ना, डावीकडे."

तिने खुर्ची उचलून जुन्या जागी ठेवली. मग दोघं चहाला गेले.

परत आल्यावर साहेबांनी चष्मा पुसला. पुन्हा घातला. मूर्तीशेजारी तिच्यासारखेच गुडघे टेकून बसले, आपला डावा हात वर करून पाहिला, मग उजवा.

"डावीकडेच आहे की!"

"हो."

"म्हणजे सकाळी मीच... छे, हा मेला चष्मा!" त्यांनी दुरुस्तीचा कागद टराटरा फाडला. "कुठे बोलू नका हं. निवृत्तीला आठच महिने उरलेत."

दोन महिन्यांत ती पहिल्यांदा हसली. आईचं कार्ड होतं तसंच खणात ठेवलं आणि साहेब गेल्यावर ब्रश घेऊन मूर्तीची धूळ झाडायला वाकली.

उपासिकेच्या गळ्याभोवती दगडाची ताजी, पांढरी पूड पडली होती. तिने चिमटीत घेतली.

कोमट होती.