नजरेखाली

बाबांच्या एका गालावर साबणाचा फेस होता आणि दुसरा गाल गुळगुळीत झाला होता. पुढे तिला त्यांचा चेहरा आठवायचा तो असाच, अर्धा.

एक स्वयंसेवक त्यांची दाढी करत होता आणि ती समोर खुर्चीत बसून त्याच्यावर नजर ठेवत होती. सरकारी वृद्धाश्रमाचा नियमच तसा: पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला येईपर्यंत स्वयंसेवकाला कुणा म्हाताऱ्यापाशी एकटं सोडायचं नाही, कर्मचारी नाहीतर नातेवाईक समोर हवा. कर्मचाऱ्यांना फुरसत कुठली? ती बाबांना भेटायला आली आणि अधीक्षकबाईंनी तिलाच तिथं बसवलं. एरवी आठवडाभर लिफ्ट दुरुस्तीचं काम करणारा हा माणूस दर रविवारी दाढ्या करायला येई, आणि मग तीही.

"हवालदारसाहेब," तो रेझर धूत म्हणाला, "आज बंदोबस्त कडक दिसतोय."

"हनुवटीखाली राहिलंय."

"म्हणजे बघता नीट. मला वाटलं, लक्ष खिडकीबाहेर..."

"मी माझं काम करतेय."

"करा की. मी कुठं नको म्हणतोय –"

बाबा फेसातून हसले. "चारित्र्याचा दाखला! लग्नात माझ्याकडे कुणी मागितला नाही."

"मागितला असता तर मी जन्मालाच आले नसते," ती म्हणाली.

तिघंही हसले. पण दाखला अडकला होता. त्याच्याच नावाचा, त्याच्याच वयाचा कुणीतरी चोरीत सापडलेला. तो हा नव्हे, हे बोटांच्या ठशांवरून ठरायचं होतं. उलट उत्तर आलं तर याचं येणं बंद. आणि चांगलं आलं, तर समोर बसायला तिची गरज काय? कुठूनही विचार केला तरी रविवार हातचा जात होता.

दाढी झाल्यावर व्हरांड्यातल्या नळावर तो ब्रश धूत होता, ती शेजारी उभी होती. तो हळूच म्हणाला, "तुम्हाला काय वाटतं... तो मीच असेन?"

तिच्या ओठांवर भलतंच काहीतरी आलं होतं. "ठसे सांगतील की," ती म्हणाली.

ती खोलीत परत आली तेव्हा बाबा टक लावून तिच्याकडे पाहत होते. "नुसती बघत काय बसतेस? बोल की जरा."

"झोपा आता, बाबा."

बाबा झोपले ते सकाळी उठलेच नाहीत.

पुढे एका रविवारी ती त्यांचं सामान न्यायला आली. त्या खाटेवर दुसरे आजोबा होते, गालांवर फेस. तो त्यांची दाढी करत होता. समोरची खुर्ची रिकामी होती.

तिला पाहून त्याचा हात थांबला. "बाबा गेल्यावर घरी यायचं होतं मला. पण कुठल्या नात्यानं यायचं..." मग रेझर धूत, "दाखला आला. ठसे दुसऱ्याचे निघाले. आता समोर कुणी बसायला लागत नाही."

"कळलं मला. बाईंनी सांगितलं."

तिनं पिशवी खाली ठेवली आणि त्या खुर्चीत जाऊन बसली.

"ही कोण रे?" आजोबांनी विचारलं.

"हवालदार..." तो म्हणाला आणि अडखळला.

"नाही हो, आजोबा," ती म्हणाली. "नजर ठेवायला मी कधी बसलेच नव्हते. मला... मला यांच्याकडे बघत बसायला आवडतं."